दोन प्रोजेक्टरांत खोलीभर सण कसा उभा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा: पाच विद्यार्थ्यांचा गट आहे, हातात चार आठवडे आहेत. कॉलेजकडून दोन सारखे प्रोजेक्टर मिळणार आहेत (१२८०×८०० पिक्सेल, कागदावर ३५०० ल्युमेन म्हणजे एकूण उजेड, साधी लेन्स), ग्राफिक्स कार्ड असलेला एक लॅपटॉप आहे आणि ७ बाय ६ मीटरची, ३ मीटर उंचीची रिकामी वर्गखोली आहे. सणाचं वातावरण उभं करायचंय: दिवे, रात्रीचं आकाश, तरंगते कंदील, हलका बर्फ. चारही भिंती व्यापायच्या आहेत, आणि माणूस आत आला की दृश्यानं प्रतिसाद द्यायला हवा. विचारलंय मात्र एवढंच, की सॉफ्टवेअर कोणतं वापरू?

सॉफ्टवेअरवर येतो, पण जरा उशिरा. असे प्रकल्प सॉफ्टवेअरमुळे क्वचितच फसतात. ते फसतात उजेडामुळे, सावल्यांमुळे आणि दोन प्रोजेक्टरांचा उजेड चार भिंतींवर पातळ करून फासल्यामुळे. तेव्हा पहिला सल्ला असा की चार भिंती सोडून द्या. एक कोपरा घ्या, म्हणजे काटकोनात मिळणाऱ्या दोन भिंती, आणि बाकी खोली काळी करा. कोपऱ्याकडे तोंड करून योग्य जागी उभ्या राहिलेल्या माणसाच्या नजरेचा सुमारे १३० अंशांचा भाग त्या दोन भिंतींनी भरतो. पाठीमागे काय आहे ते तो बघत नाही, तिथे अंधार असला की पुरतं. चार फिकट भिंतींत उभं राहिलं की वर्गात स्लाइड बघितल्यासारखं वाटतं. दोन गडद, चालत्याबोलत्या भिंतींसमोर तसं होत नाही.

खालचे सगळे आकडे थ्रो रेशो १.५ धरून काढलेत. थ्रो रेशो म्हणजे लेन्सपासून भिंतीपर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी. तुमच्या प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात तो दिलेला असतो, झूम असेल तर दोन आकडे असतात. तुमचा आकडा वेगळा निघाला तर अंतरं बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील. प्रोजेक्टर टांगायची परवानगी मिळते का आणि भिंतीवर कापड लावू देतात का, यावरही बरंच अवलंबून आहे. हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

आधी उजेडाचं बघू. प्रोजेक्टर भिंतीवर काळा रंग टाकू शकत नाही. खोलीत जेवढा अंधार, तेवढंच तुमचं काळं काळं. ३ मीटर रुंद चित्र घेतलं तर १६:१० च्या प्रमाणात उंची १.८७ मीटर येते, क्षेत्रफळ साधारण ५.६ चौरस मीटर. ३५०० ल्युमेन भागिले ५.६ म्हणजे ६२५ लक्स (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन). हा झाला कागदावरचा आकडा. तो बहुधा सगळ्यात झगझगीत मोडमध्ये मोजलेला असतो, आणि त्या मोडमध्ये रंग हिरवट पडतात. सिनेमा मोडवर आलात आणि दिवा बराच वापरलेला असला तर ६० टक्के धरा, म्हणजे ३७५ लक्स. खोलीत बाहेरून २० लक्स झिरपत असतील तर उजळ आणि काळ्याचं गुणोत्तर (३७५ + २०) भागिले २०, म्हणजे जवळपास २० ला १ येतं. यात रात्र दिसते. १०० लक्स झिरपले तर तेच गुणोत्तर ५ ला १ च्याही खाली जातं आणि आकाश राखाडी होतं. आणि हाच प्रोजेक्टर ६ मीटर रुंद चित्रावर ताणलात तर क्षेत्रफळ चौपट, उजेड चौथाई. चार भिंतींना नाही म्हणण्याचं खरं कारण हे आहे.

म्हणून काही बनवायच्या आधी, ज्या वेळी प्रदर्शन असेल त्याच वेळी खोलीत जाऊन दिवे बंद करा आणि पाच मिनिटं नुसते बसा. डोळे सरावले की कवडसे दिसायला लागतात: दाराखालची फट, खिडकीच्या झडपेची कड, एक्झॉस्ट फॅनची जाळी, स्विचबोर्डवरचे लाल दिवे. फोनवरचं लक्स मोजायचं अ‍ॅप अचूक नसतं, पण 'आधी किती, नंतर किती' एवढ्यासाठी चालतं. फोन भिंतीला पाठ लावून, पडदा खोलीकडे करून धरा. खिडक्यांना आधी पुठ्ठा, मग काळं कापड दुहेरी. एकेरी कापडातून दिवसाचा उजेड गाळून येतोच. दाराशी एकाआड एक दोन पडदे, मध्ये सव्वा ते दीड मीटर अंतर, म्हणजे माणूस पहिला पडदा सोडून मगच दुसरा उघडेल. लॅपटॉपची स्क्रीनसुद्धा उजेड सांडते, ती खोलीबाहेर किंवा आडोशाला ठेवा.

आता प्रोजेक्टर कुठे ठेवायचे ते. ३ मीटर रुंदीसाठी १.५ च्या रेशोनं ४.५ मीटर अंतर लागतं. भिंत 'अ' साठीचा प्रोजेक्टर भिंत 'अ' पासून ४.५ आणि भिंत 'ब' पासून १.५ मीटरवर येईल. दुसरा याच्या बरोबर उलट. दोघांचे झोत एकमेकांना अडत नाहीत. दोन्ही छताजवळ, उलटे टांगलेले, लेन्स जमिनीपासून २.८ मीटरवर. बहुतेक साध्या प्रोजेक्टरांचं चित्र लेन्सच्या पातळीपासून एकाच बाजूला पसरतं, त्यामुळे उलटा टांगला की चित्राची वरची कड लेन्सच्या उंचीच्या आसपास येते आणि खालची कड जमिनीपासून साधारण ९० सेंमीवर.

सावलीचा हिशेब करायला सोपा आहे आणि तो कुणी करत नाही. झोताची खालची कड ४.५ मीटरांत २.८ वरून ०.९२ मीटरवर उतरते, म्हणजे दर मीटरला सुमारे ४२ सेंमी. १.७ मीटर उंचीच्या माणसाचं डोकं लेन्सपासून साधारण २.६५ मीटरवर त्या कडेला लागतं. म्हणजे भिंतीपासून १.८५ मीटरच्या आत जो येईल त्याची सावली चित्रात पडणार. म्हणून प्रेक्षकाची जागा दोन्ही भिंतींपासून २.२ मीटरवर ठेवा आणि त्यापुढे जमिनीवर एखादा अडसर घाला: बुटकं कुंपण, कुंड्या, दोरी. २.२ मीटरवर झोताची खालची कड १.८४ मीटर उंचीवर असते. कुणी हात वर केला तर बोटांच्या सावल्या पडतील, त्या पडू द्या. कुठून शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर मिळाले तर मात्र सगळंच सोपं होतं: ०.५ रेशोला तेवढ्याच चित्रासाठी अंतर दीड मीटर, आणि सावलीचा पट्टा भिंतीपासून जेमतेम ६० सेंमी.

टेबलावर प्रोजेक्टर ठेवायचा विचार असेल तर तो सोडा. झोत खालून वर जातो आणि खोलीतला प्रत्येक माणूस चित्रात येतो. टांगायची परवानगी नसेल तर उंच, जड बुडाचा स्टँड घ्या आणि तो लोकांच्या वाटेपासून दूर ठेवा. कसंही बसवलं तरी मुख्य पकडीखेरीज वेगळी पोलादी सुरक्षा-तार हवीच, आणि ती प्रोजेक्टरच्या झाकणाला न बांधता माउंटच्या सांगाड्याला बांधायची. गरम हवा बाहेर पडते त्या बाजूला निदान ३० सेंमी मोकळी जागा सोडा. कापडाचा आडोसा केलात तर नेमकी हीच जागा झाकली जाते आणि अर्ध्या तासात प्रोजेक्टर आपोआप बंद पडतो.

चित्राखाली उरलेल्या ९० सेंमीच्या पट्टीवर प्रोजेक्शन नाही, हे या मांडणीचं बलस्थान आहे. तिथे काळं कापड आणि त्यापुढे पुठ्ठ्याची किंवा थर्माकोलची कापलेली आकृतिरेषा लावा: घरांची छपरं, झाडं, टेकड्या, तुमच्या कथेत बसेल ते. चित्राची खालची कड त्यामागे लपते. हात लावता येईल अशी खरी वस्तू आणि मागचा उजेड यांची सांगड बसली की डोळा भिंत विसरतो. छोटे एलईडी दिवे लावायचे असतील तर वस्तूंच्या मागे, तोंड खाली करून लावा. भिंतीवर त्यांचा उजेड चढला तर केलेल्या अंधारावर पाणी.

भिंतींच्या रंगाबद्दल. दोन पांढऱ्या भिंती काटकोनात असल्या की एकीचा उजेड दुसरीवर पडतो आणि तिथलं काळं धुऊन काढतो. राखाडी मॅट पृष्ठभागानं हे कमी होतं. भिंत निम्मा उजेड परतवणारी असेल तर तुमचं चित्र निम्मं मंद होतं, पण दुसऱ्या भिंतीवरून उडालेला उजेड डोळ्यापर्यंत येण्याआधी दोनदा परततो, म्हणून तो चौथाई होतो. चित्राच्या तुलनेत भेसळ निम्मी. रंग लावता येणार नसेल तर राखाडी कापड ताणून लावा, मात्र सुरकुती राहू देऊ नका. बाजूनं पडणाऱ्या उजेडात ती ठळक दिसते. तेही जमत नसेल तर भिंती आहेत तशा ठेवा आणि चित्र नसलेल्या उरलेल्या दोन भिंती व जमीन काळी करा. आशयातही एक पथ्य पाळा: कोणत्याही क्षणी चित्राचा एक चतुर्थांशाहून जास्त भाग उजळ नको. दिवे, तारे, कंदील हे विषय या दृष्टीनं सोन्यासारखे आहेत. पांढरीशुभ्र बर्फाची दरी हा विषय सगळ्यात वाईट.

जुळवणीला बसण्याआधी प्रोजेक्टर २० मिनिटं चालू ठेवा. तापल्यावर लेन्स आणि सांगाडा किंचित सरकतात, थंड असताना केलेली जुळवणी नंतर हलते. मेन्यूत जाऊन आपोआप कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणं), आपोआप स्रोत-शोध, आपोआप आयरिस (दृश्यानुसार उजेड कमी-जास्त करणं) आणि सिग्नल नसताना बंद होणं हे सगळं बंद करा. दोन्हींचा रंग-मोड सारखा ठेवा. एकाचा दिवा जुना असेल तर दुसऱ्याची चमक कमी करून त्याच्या पातळीवर आणा. मंद प्रोजेक्टर वर ओढता येत नाही. कीस्टोनची गरज पडू नये असाच प्रोजेक्टर बसवा, म्हणजे भिंतीला काटकोनात आणि न तिरका. कीस्टोन लावला की पिक्सेल वाया जातात आणि बारीक तारे पुसट होतात. उरलेली काही पिक्सेलची चूक सॉफ्टवेअरमध्ये चार कोपरे ओढून दुरुस्त करा.

कोपऱ्यात दोन चित्रं एकमेकांत मिसळवायची गरज नाही, दोन्ही नुसती कोपऱ्याच्या रेषेवर थांबली पाहिजेत. पण ती थांबवताना हात सांभाळा. झोत शेजारच्या भिंतीला घासून जात असतो. भिंत 'अ' वरचं चित्र ५ सेंमी पुढे गेलं तर भिंत 'ब' वर त्याची १५ सेंमी लांब ओघळ दिसते. कोपऱ्याकडची कड एक-दोन पिक्सेल आतच ठेवा आणि तिथे काळी पट्टी घाला. कोपऱ्यातली बारीक काळी रेघ कुणाला खटकत नाही, ओघळ मात्र लगेच दिसते.

आतापर्यंतचं एकत्र: दोन भिंती, प्रत्येकी ३ बाय १.८७ मीटर चित्र, अंतर ४.५ मीटर, लेन्सची उंची २.८ मीटर, प्रेक्षक २.२ मीटरवर, खालची ९० सेंमी खऱ्या वस्तूंची. पिक्सेलमध्ये सांगायचं तर एका मीटरला ४२७ पिक्सेल, एक पिक्सेल २.३ मिमी. हे आकडे कागदावर लिहून गटातल्या प्रत्येकाला द्या, कारण आशय बनवणारा मुलगा किंवा मुलगी नेहमी लॅपटॉपच्या स्क्रीनवर बघून ठरवते आणि भिंतीवर ते भलतंच दिसतं.

आशयात सगळ्यात मोठा फरक पाडणारी गोष्ट म्हणजे क्षितिज. दोन्ही भिंतींवर क्षितिजाची रेषा जमिनीपासून सारख्या उंचीवर आणि डोळ्याच्या पातळीवर, म्हणजे दीड मीटरच्या आसपास हवी. तुमच्या चित्रात ती खालच्या कडेपासून २४५ पिक्सेलवर येते. क्षितिज वर गेलं की माणसाला खड्ड्यात उभं राहिल्यासारखं वाटतं, दोन भिंतींवर वेगवेगळं असलं की खोली मोडल्यासारखी.

ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये दृश्य बांधणार असाल तर एकाच बिंदूवर दोन कॅमेरे ठेवा, दोन्ही १.५ मीटर उंचीवर, एक भिंत 'अ' ला आणि दुसरा भिंत 'ब' ला काटकोनात बघणारा. कॅमेरा तिरका करू नका, वर-खाली झुकवू नका. ३६ मिमी सेन्सर धरून फोकल लेंग्थ २६.४ मिमी (३६ गुणिले २.२ भागिले ३). चित्राचा मध्य डोळ्याच्या समोर नाही, कोपऱ्याकडे आणि थोडा वर आहे, म्हणून लेन्स शिफ्ट (कॅमेरा न वळवता चौकट सरकवणं) वापरायचा: आडवा ०.२३, ज्या भिंतीचा कोपरा उजवीकडे तिला अधिक आणि दुसरीला उणे, उभा ०.१२ अधिक. रेंडर १२८०×८००. असं केलं की कोपऱ्यातून जाणारी दिव्यांची माळ २.२ मीटरवर उभ्या माणसाला सरळ दिसते. बाजूला सरकलं की ती थोडी वाकते, ते टाळता येत नाही. म्हणून कोपऱ्यातून सरळ रेषा जातील अशा इमारती, कठडे कमी ठेवा. ढग, तारे, बर्फ यांना काही फरक पडत नाही.

बर्फाचे किंवा प्रकाशकणांचे तीन थर करा. लांबचे कण २ ते ३ पिक्सेल, वरून खाली यायला १० ते १२ सेकंद. मधले ५ ते ८ पिक्सेल, म्हणजे भिंतीवर दीडेक सेंटीमीटर, ६ ते ७ सेकंद. जवळचे २० ते २५ पिक्सेल, धूसर, ३ सेकंदांत खाली, आणि हे अगदी थोडे. एक पिक्सेलचा कण वापरू नका, तो दोन पिक्सेलच्या मधून जाताना लुकलुकतो आणि नको तिथे लक्ष वेधतो. ३० फ्रेमवर एखादी गोष्ट दर फ्रेमला दहा-बारा पिक्सेलहून जास्त सरकायला लागली की मोठ्या भिंतीवर धक्के दिसतात. मग वेग कमी करा, धूसरपणा वाढवा किंवा ६० फ्रेमवर जा. संपूर्ण दृश्य आडवं वेगानं सरकवू नका, उभ्या माणसाचा तोल जातो. वर तरंगत जाणारे कंदील चालतात, कारण क्षितिज स्थिर असतं.

रात्रीच्या आकाशात निळ्याचा चढता-उतरता रंग असतो आणि नेमका तिथे पट्टे पडतात. भिंत मोठी, छटा थोड्या, त्यात व्हिडिओचं संकोचन. आकाशावर अगदी हलका गोंगाट, म्हणजे बारीक कण-पोत, टाकला की पट्टे विरतात. दिव्यांचं थरथरणं ५ ते १० टक्क्यांत आणि प्रत्येक दिव्याचं वेगळं ठेवा. सगळे एकाच तालात हलले की ट्यूबलाइट बिघडल्यासारखं दिसतं. मोठा भाग सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखेल असं काहीही नको, प्रकाशानं अपस्माराचा झटका येणाऱ्यांना ते धोक्याचं आहे.

एकूण फेरी तीन मिनिटांची पुरे: संध्याकाळ, एकेक दिवा लागणं, कंदील वर जाणं, पुन्हा शांत अंधार. सुरुवात आणि शेवट दोन्ही जवळजवळ काळे असले की फेरी कुठे जुळली ते कळत नाही. बर्फ वेगळ्या थरात फिरवा, आणि पहिल्या फ्रेमलाच हवा बर्फानं भरलेली असू द्या. कण निर्माण होण्याच्या क्षणापासून रेंडर केलंत तर दर तीन मिनिटांनी बर्फ नव्यानं सुरू होताना दिसेल.

आता सॉफ्टवेअर. तुमच्या बाबतीत मी टचडिझायनर घेईन, म्हणजे व्हिडिओ आणि सेन्सर जोडून दृश्य थेट चालवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या मोफत, बिगर-व्यावसायिक आवृत्तीला १२८०×१२८० ची मर्यादा आहे आणि तुमचे प्रोजेक्टर १२८०×८०० चे आहेत, म्हणजे प्रत्येक भिंत तिच्यात बसते. दोन्ही भिंतींचं मिळून २५६० रुंदीचं एकच चित्र मात्र बसत नाही, म्हणून दोन वेगळ्या फायली आणि दोन वेगळ्या खिडक्या ठेवा. दोन्ही फायली एकाच फ्रेम-क्रमांकावर चालवा: व्हिडिओ वाचणाऱ्या 'मूव्ही फाइल इन' या घटकाचा प्ले मोड 'स्पेसिफाय इंडेक्स' आणि दोन्हींना एकच आकडा. मग त्या एकमेकींपासून सुटत नाहीत. दोन लॅपटॉपवर एकाच वेळी बटण दाबून सुरू करण्याचा जुगाड काही फेऱ्यांत सुटतो आणि कोपरा ओलांडणारा कंदील मध्येच गायब होतो. रेझोल्यूम हे व्हिडिओ चालवायचं दुसरं सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर मॅपिंग (चित्र भिंतीच्या आकारात बसवणं) अरीना आवृत्तीत आहे, अव्हेन्यूत नाही, आणि पैसे भरल्याशिवाय स्वच्छ आउटपुट मिळत नाही.

फायली हॅप या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत) काढा, एच.२६४ मध्ये नको. एच.२६४ मध्ये बहुतेक फ्रेम आधीच्या फ्रेमांवर अवलंबून असतात, मधल्या फ्रेमवर उडी मारली की अडखळतं. हॅपमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि उलगडण्याचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. किंमत जागेत मोजावी लागते. साध्या हॅपला एका पिक्सेलमागे अर्धा बाइट, म्हणजे १२८०×८०० ला फ्रेममागे सुमारे ०.५ एमबी, ३० फ्रेमना सेकंदाला १५ एमबी, दोन भिंतींना ३० एमबी. तीन मिनिटांची एक फाइल २.८ जीबीपर्यंत जाऊ शकते. एसएसडीवरून हे आरामात चालतं, पेन ड्राइव्हवरून चालवू नका. आकाशात पट्टे जास्त वाटले तर हॅप क्यू घ्या, जागा दुप्पट लागेल.

प्रतिसादाचं काम साधं ठेवा. वेबकॅमनं माणूस ओळखायला गेलात तर कॅमेऱ्याला तुमचे कंदीलही हलताना दिसतात आणि दृश्य स्वतःलाच प्रतिसाद द्यायला लागतं. यावर उपाय आहे: ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड दिवा, इन्फ्रारेड बघणारा कॅमेरा आणि दिसणारा उजेड अडवणारा फिल्टर. पण चार आठवड्यांत मी त्यात शिरणार नाही. जुना किनेक्ट (मायक्रोसॉफ्टचा अंतर मोजणारा कॅमेरा) मिळाला तरी त्याचे ड्रायव्हर तुमचा आठवडा खातील. उष्णता ओळखणारा पीआयआर सेन्सर सोपा आहे, फक्त प्रोजेक्टरची गरम हवा त्याच्यासमोर आली की तो उगाच चालू होतो.

सगळ्यात भरवशाची म्हणजे पायाखालची चटई. दोन पुठ्ठ्यांना आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवा, मध्ये ३ ते ५ मिमी फोमचा थर, त्याला रुपयाएवढी भोकं, वर सतरंजी. पाय पडला की भोकांतून फॉइल टेकतं. एक तार आर्डुइनो लिओनार्डो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या पिनेला (आतला पुल-अप, म्हणजे एरवी पिन वरच्या पातळीवर धरणारा रोध, चालू करून), दुसरी ग्राउंडला. लिओनार्डो स्वतःला कीबोर्ड म्हणून ओळख देतो, त्यामुळे लॅपटॉपला नुसतं एक अक्षर दाबल्यासारखं वाटतं. कोडमध्ये ५० मिलिसेकंदांचं डिबाउन्स (फॉइल टेकतानाची थरथर न मोजणं) ठेवा आणि एकदा चालू झाल्यावर आठ सेकंद पुन्हा ऐकू नका, नाहीतर मुलं चटईवर नाचायला लागली की सगळं फडफडतं. चटई बरोबर २.२ मीटरच्या जागेवर ठेवली की माणूस आपोआप योग्य ठिकाणी उभा राहतो. एका दगडात दोन पक्षी.

प्रतिसाद म्हणून दिव्यांचा एक वेगळा थर, काळ्या पार्श्वभूमीवर रेंडर केलेला, मूळ चित्रावर 'अ‍ॅड' पद्धतीनं चढवा. पारदर्शकतेची भानगड लागत नाही. पूर्ण परिणामाला तीन सेकंद लागोत, पण पहिली ठिणगी पाय पडल्यावर लगेच, एक-दोन दशांश सेकंदांत दिसली पाहिजे. उशीर झाला तर 'हे माझ्यामुळे झालं' असं कुणाला वाटतच नाही.

आवाज कमी लेखू नका, पण त्यावर फार वेळही घालवू नका. दोन स्पीकर कोपऱ्याच्या दोन बाजूंना, वस्तूंच्या मागे. पार्श्वध्वनीची लांबी चित्राच्या लांबीहून वेगळी ठेवा, दोन मिनिटं दहा सेकंद वगैरे, म्हणजे दर फेरीत वेगळा मेळ पडतो. एचडीएमआय जोडली की लॅपटॉप आवाज प्रोजेक्टरच्या पिटुकल्या स्पीकरकडे पाठवतो. ती सेटिंग दर वेळी तपासा.

जोडणीत एक सापळा आहे. एचडीएमआय स्प्लिटर दोन्हीकडे एकच चित्र पाठवतो, तो तुमच्या कामाचा नाही. लॅपटॉपला एक एचडीएमआय आणि एक यूएसबी-सी असेल तर त्या यूएसबी-सीतून व्हिडिओ बाहेर येतो का ते आजच बघा, सगळ्यांतून येत नाही. साधी एचडीएमआय केबल १० मीटरच्या पुढे बेभरवशाची होते. लांब जायचं तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. सुरू करण्याचा क्रम पक्का ठरवा: आधी दोन्ही प्रोजेक्टर, मग लॅपटॉप. उलटं केलं तर डावी-उजवी भिंत अदलाबदल होऊ शकते. त्यासाठी प्रत्येक भिंतीवर 'अ' आणि 'ब' अक्षर दाखवणारं चाचणी-चित्र एका बटणावर ठेवा. विंडोजमध्ये डिस्प्ले एक्स्टेंड, स्केलिंग १०० टक्के, दोन्हीकडे ६० हर्ट्झ. झोप, स्क्रीनसेव्हर, सूचना आणि अपडेट बंद. इंटरनेट काढून टाका.

सुरक्षेचं हातावेगळं करू. बाहेर जायच्या दाराचा रस्ता अंधारातही दिसला पाहिजे. मंद दर्शक दिवा तिथे राहू द्या, तेवढा उजेड झिरपला तरी हरकत नाही. केबल जमिनीवर पूर्ण लांबीला चिकटपट्टीखाली. खरी मेणबत्ती किंवा पणती नाही, धुराचं यंत्र नाही (ते आगीचा भोंगा वाजवतं), आणि कापड शक्यतो आग न पकडणारं. एका वेळी आठ-दहा माणसं. दाराशी 'अंधार आणि हलता प्रकाश' अशी सूचना.

वेळेचं गणित सोपं आहे. पहिल्या आठवड्यात अंधार, जागा आणि एक प्रोजेक्टर टांगून चौकटींचं चाचणी-चित्र, बाकी काही नाही. दुसऱ्या आठवड्यात कच्चं दृश्य भिंतीवर, भले राखाडी ठोकळ्यांचं का असेना, पण खऱ्या खोलीत. तिसऱ्यात रंगरूप, चटई, आवाज. चौथ्यात नवीन काहीच घ्यायचं नाही, फक्त सलग चार तास चालवून बघायचं, कारण उष्णतेचे आणि मेमरीचे दोष अर्ध्या तासात दिसत नाहीत. प्रतिसादाशिवाय नुसती फेरी चालेल अशी एक आवृत्ती वेगळी जपून ठेवा. चटई फाटली तर कुणाला न कळता त्या आवृत्तीवर जाता येतं.

आणि सादर करायला व्हिडिओ लागेलच. तो गर्दीच्या वेळी काढू नका, आदल्या दिवशी काढा. फोनचं आपोआप एक्स्पोजर अंधार उजळवून सगळं धुरकट करतं, म्हणून एक्स्पोजर हातानं बांधून ठेवा. प्रोजेक्टर डीएलपी (बारीक आरशांनी चित्र घडवणारा) असेल तर चित्रात रंगीत पट्टे सरकताना दिसतील. शटर १/५० किंवा १/६० करून बघा, दोन्हींपैकी एकावर ते बहुतेक थांबतात. कॅमेरा चटईच्या जागी, दीड मीटर उंचीवर ठेवा. एका शॉटमध्ये पाठमोरा माणूस असू द्या, म्हणजे बघणाऱ्याला भिंतींचा आकार कळेल.